आत्याचं जातानाचं पातळ

तुम्ही काही म्हणा, मरणाची तयारी आमच्या शेवंतीआत्याइतक्या हौसेने कोणी केली नसेल. पंचाहत्तरी उलटली तेव्हा तिने मला फर्मावलं, "रत्नागिरीहून येताना एक चांगलं पातळ आण. मी जाईन तेव्हा तेच नेसवा मला."

मी आणलं. तिने डांबराच्या गोळ्या घालून ते ट्रंकेत ठेवलं. पुढच्याच मे महिन्यात पुतणीचं लग्न निघालं, तर आत्या तेच पातळ नेसून मांडवात हजर!

"आत्या, हे जातानाचं ना गो?"

"मेल्या, जायला अजून वेळ हाय. लग्न आज हाय."

मग दुसरं आणलं. ते पणतीच्या बारशाला निघालं. तिसरं शिमग्यात, देवाची पालखी अंगणात आली तेव्हा. चौथं नेसून ती नव्वदीत नातवाच्या हळदीत नाचली आणि पदरावर सोलकढी सांडून घरी आली.

गेल्या महिन्यात आत्या गेली. सकाळचा चहा पिऊन, झोपाळ्यावर बसल्या बसल्या. ट्रंक उघडली तर आत तेच चौथं पातळ, सोलकढीच्या डागासकट. मला कसंतरीच झालं. म्हटलं, "थांबा जरा, संगमेश्वरच्या बाजारातून नवं घेऊन येतो."

तिची धाकटी जाऊ उशाशी रडत बसली होती. तिने डोळे पुसले नि म्हणाली, "नको रे बाबा. नवं पातळ बघितलं तर ही उठून बसेल नि विचारील, लग्न कोणाचं हाय?"