बेरजेचा बोर्ड

बीडच्या स्टँडवर साखराबाई आष्टीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच गावची, सासरी निघालेली योगिता बसली होती. तेवढ्यात तिच्याबरोबर कॉलेजात शिकलेला सोमेश्वर समोर येऊन उभा राहिला. साखराबाईंनी तोंड फिरवलं, पण कान कुठं फिरवायचे?

"आपण बनवलेला कॉम्प्युटर हाय का रे अजून?"

"हाय की. दुकानात, पेंडीच्या पोत्यांमागं."

"चालतो?"

"दिवे लागतेत, मोजत काहीच न्हाई. बेरजेचा बोर्ड तुझ्यापाशी राहिला."

"मग दुसरा करायचा."

"कसा करू? दुनियेचे कॉम्प्युटर शून्य आन एकावर चालतेत. आपला तराजूसारखा. काटा इकडं, काटा तिकडं, न्हाईतर मधी. त्याचा तयार बोर्ड मिळत न्हाई. आन तसलं बारीक सोल्डरिंग तुझ्याच हाताला जमायचं."

"माझ्या हाताला आता भाकरी जमते."

"जपून तर ठेवलास ना?"

"देवघरात हाय. दसऱ्याला सासूबाईंनी विळ्या-कोयत्यासंगं पूजला. हळदकुंकू वाहिलं."

"बोर्डावर? अगं, शॉर्ट होईल की!"

"ठावं हाय मला."

"मग कावून न्हाई झाडलंस? ब्रश फिरवला की निघतंय."

आष्टीची गाडी लागली. साखराबाई उठल्या आणि पिशवीची बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधू लागल्या.

"ब्रश रोज हातात घेते, सोमेश्वर. पण बोर्ड साफ झाला, की तुला परत द्यावा लागंल."