टाइप न झालेलं पान

(टायपिंगचं छोटं दुकान, दुपारची वेळ. टायपिस्ट बाई संगणकासमोर बसल्या आहेत. लेखक दारापासून कपाटापर्यंत फेऱ्या घालतो आहे.)

लेखक : नाही, बसत नाही मी. बसलो की लगेच उठावंसं वाटतं. तुम्ही आधी एवढंच सांगा बाई, त्या ‘फलाट’ कथेचं शेवटचं पान तुमच्यापर्यंत आलं होतं की नव्हतं?

टायपिस्ट : एकोणीस वर्षांपूर्वीचं विचारताय सर. त्यानंतर तुमची सात पुस्तकं टाइप केली मी. आणि तो स्टेपलर खाली ठेवा, पिना सांडतील.

लेखक : आलं होतं ना?

टायपिस्ट : तुम्हाला झालंय काय ते सांगा. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणत होता, तुमचे सर रोज दाराशी येतात आणि आल्या पावली परत जातात.

लेखक : गेल्या आठवड्यात मासिकाचे जुने संपादक भेटले, एका शोकसभेत. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. मनात आलं, आता नाही तर कधी सांगणार? त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, इतकी वर्षं बोललो नाही, पण माझ्या कथेचं शेवटचं पान तुम्ही कापलंत म्हणून ती कथा तरली. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मलाच म्हातारचळ लागलाय. म्हणाले, मी एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता, आली तशी छापली.

टायपिस्ट : म्हणजे छापून आली तेव्हाच तुमच्या लक्षात आलं होतं.

लेखक : पहिल्याच दिवशी. तावातावानं पत्र लिहिलं होतं त्यांना. माझी नायिका घरी परत जाते, तुम्ही तिला फलाटावरच बसवून ठेवलीत, असं. ते पेटीत टाकायच्या आत वाचकांची पत्रं यायला लागली. एका बाईनं लिहिलं होतं, तुम्ही तिला परत पाठवलं नाहीत, फार बरं केलंत. मग माझं पत्र खिशातच राहिलं.

टायपिस्ट : आणि पुढं भाषणं.

लेखक : हो, भाषणं. शिबिरांमधून नव्या पोरांना सांगत आलो, शेवटचं पान मी स्वतः काढलं, काळजावर दगड ठेवून. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं. हसताय तुम्ही.

टायपिस्ट : हसू नको तर काय करू? ते भाषणही मीच टाइप केलं होतं.

लेखक : तेव्हा बोलला का नाहीत?

टायपिस्ट : काय बोलणार? चोर मी होते आणि साव तुम्ही झाला होतात. दोघांचंही झाकलेलं होतं, ते बरं होतं.

लेखक : म्हणजे तुम्हीच.

टायपिस्ट : मीच.

लेखक : आणि आणखी कुठं कुठं हात फिरवलात? चार दिवस कच्च्या वह्या आणि छापील पुस्तकं शेजारी ठेवून बसलोय. निवडक कथांची प्रुफं तशीच पडलीत, उद्या प्रकाशकाचा माणूस न्यायला येईल. नव्या कादंबरीची एक ओळ पुढं सरकत नाही. प्रत्येक वाक्याशी अडतो, हे माझं की बाईंचं?

टायपिस्ट : वाक्यं तुमचीच आहेत. ‘अभागी’ तेवढा काढायचे. तुमच्या गोष्टीत बाई आली की ती अभागीच. एका गोष्टीत सात वेळा होतं. एखादा ठेवायचे मी, तुमचा मान म्हणून.

लेखक : तो मला माझा संयम वाटला होता. समीक्षकांनाही वाटला.

टायपिस्ट : वाटू दे की.

लेखक : ते पान कच्च्या वहीत सापडलं. म्हटलं, आता कथा मुळात होती तशी छापू. बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

टायपिस्ट : वहिनींचं बोलणं पहिल्यापासून सरळ.

लेखक : ते पान वाईट आहे, मलाही कळतं. पण तुम्ही का गाळलंत? वाईट वाटलं म्हणून?

टायपिस्ट : छे. चांगलं काय आणि वाईट काय, हे बघण्याच्या मनःस्थितीत होते कुठं मी? त्या आठवड्यात घर सोडून आले होते, सर. ते गठ्ठे दिसतात ना कपाटामागं, तिथं चटई टाकून मी आणि मुलगी झोपत होतो. मुलगी आठ वर्षांची. माझी डाव्या हाताची दोन बोटं सुजलेली, एका हातानं टाइप करत होते, आणि तुम्हाला घाई. तुमची ती बाई बॅग घेऊन फलाटावर येऊन बसली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, सोबत झाली. मग शेवटचं पान समोर घेतलं. त्यात ती उठते, घरी जाते, नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी तापवते आणि तिला सारं जागच्या जागी वाटतं. दोन ओळी टाइप केल्या. पुढं हात चालेना. कागद मशीनमधून ओढून काढला. ठरवलं, सर ओरडतील तेव्हा देऊ करून. तुम्ही ओरडलाच नाहीत.

लेखक : मी कुठं वाचत होतो? तुमच्यावर भरवसा. पाकीट जसंच्या तसं मासिकाकडे द्यायचो.

टायपिस्ट : ते मला नंतर कळलं.

लेखक : म्हणजे तुम्ही सुटलात आणि तिलाही सोडवलंत.

टायपिस्ट : मी कुठली सुटतेय. चौथ्या दिवशी परत गेले.

लेखक : परत?

टायपिस्ट : मुलीची शाळा बुडत होती. दीर समजूत घालायला आले. आईनं निरोप धाडला, आता ताणू नकोस. गेले. जाऊन पाणी तापवलं. पुढं सहा वर्षं तापवत होते.

लेखक : मग माझं पान खरं होतं.

टायपिस्ट : खरं होतं. म्हणून तर टाइप करवेना.

लेखक : मी भांडायला आलो होतो, बाई. तुम्हाला दोन शब्द सुनवायचे आणि उद्या पान जागेवर लावून टाकायचं, असं ठरवून. आता ते माझ्याच्यानं लावलं जायचं नाही. आणि नाही लावलं, तर पुन्हा तीच थाप. काय करू?

टायपिस्ट : मला नका विचारू. मी एकदा केलं तेवढं पुरे.

लेखक : कथा राहू दे आहे तशी. प्रस्तावनेत लिहितो, हा शेवट माझा नाही. मी दुसरा लिहिला होता, टाइप करणाऱ्या बाईंनी तो घेतला नाही.

टायपिस्ट : नाव घालू नका. आणि ‘टायपिस्टच्या चुकीमुळे’ असं तर मुळीच लिहू नका. चूक नव्हती ती.

लेखक : नाही लिहीत. आजच देतो प्रस्तावना, पण टाइप झाल्यावर वाचेन मी.

टायपिस्ट : वाचायलाच हवी. आता तरी टेका.

लेखक : हा बसलो. एक विचारू? सहा वर्षांनी निघालात, तेव्हा काय झालं?

टायपिस्ट : गोष्टीत घालाल.

लेखक : नाही घालणार.

टायपिस्ट : विशेष काही नाही झालं. सकाळची वेळ होती, तो कामावर गेला होता. मी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर मुलगी दाराशी चपला घालून उभी. शाळेला सुट्टी होती. म्हटलं, कुठं निघालीस गं? तर म्हणाली, कुठं नाही, तुझीच वाट बघतेय.