संक्रांतीच्या वाणात मिळालेला फवारा

नाव : पुष्पाबाई, कै. नथ्थूजी कामडी यांच्या पत्नी. वय : अंदाजे अडुसष्ट (आधार कार्डावर कमी आहे, ते चुकलेलं आहे). धंदा : घरकाम, हंगामात संत्री निवडणे. शिक्षण : दुसरी, तीही पुरी नाही. राहणार : बोरगाव, तहसील सौसर, जिल्हा पांढुर्णा (मध्य प्रदेश).

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, हेडसाहेबांनी (हवालदार) विचारल्यावरून माझ्या बोलीत सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगा, सून अन् नात ऋतुजा यांच्यासह राहते. आमच्या भिंतीला लागून भगवंतराव घागरे अन् त्यांची पत्नी सरलाबाई राहतात. भगवंतरावांना मी भाऊ म्हणते. त्यांना हाडाचा कॅन्सर आहे. दुखणं कमी व्हावं म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी अंगाला चिकटवायची पट्टी दिली आहे. पट्टी दिसायला एवढीशी, पण आतलं औषध अफूच्या जातीचं अन् फार जोराचं. हे मला घटनेच्या आधीपासून ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते सांगते.

संक्रांतीत सरलाबाईच्या घरी हळदीकुंकू होतं. मी विधवा असल्यानं अशा ठिकाणी आत जात नाही, दारातूनच तिळगूळ घेते. पण भाऊंना तपासायला येणाऱ्या सुप्रिया सिस्टर यांनी सरलाबाईला म्हटलं की, यंदा वाण मी देते, अट एकच, गल्लीतली एकही बाई सुटायची नाही. त्यावरून सरलाबाईनं मला हाताला धरून आत नेलं. धनी गेल्यापासून मला मिळालेलं हे पहिलं वाण. या गोष्टीचा प्रकरणाशी संबंध नाही असं हेडसाहेब म्हणाले, पण मी ती लिहायला लावली.

वाण म्हणजे नाकात मारायचा फवारा होता. त्यातल्या औषधाला नॅलोक्सोन म्हणतात, तेवढं नाव मी पाठ केलं. सिस्टरनं शिकवलं की, ज्या घरात असं जोराचं औषध आहे तिथं माणूस हलवून उठला नाही, श्वास अडकत घेऊन राहिला, ओठ निळे पडले, तर कोणाची वाट पाहायची नाही. एका नाकपुडीत नळी घालायची अन् खालचं बटण दाबायचं. हे सांगणं चालू असताना गल्लीतल्या प्रेमलताबाईनं आपला फवारा गुलाबदाणीसारखा सगळ्यांच्या अंगावर उडवला. तो एकदाच दाबला जातो, तिथंच खलास झाला. सिस्टरनं कपाळाला हात लावला अन् पिशवीतून दुसरा काढून दिला.

घटनेच्या दिवशी दुपारी मी अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसले होते. भिंतीवरून सरलाबाई म्हणाली, "पुष्पाबाई, हे उठून नाही राह्यले." मी गेले. भाऊ कुशीवर पडलेले होते अन् पाठीला फडक्यात गुंडाळलेली गरम वीट लावलेली होती. थंडी फार होती, पाठ कुडकुडते म्हणून शेक त्यांनीच मागितला होता. आमच्याकडे पाठीला मलम लावलं की वरून विटेचा शेक देतात, म्हणजे ते आत जिरतं. सरलाबाईनं पाठीवरच्या पट्टीलाही तसंच समजून वरून शेक दिला. त्या आंचेनं पट्टीतलं औषध एकदमच अंगात गेलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. शेक देऊ नका असं सिस्टरनं हळदीकुंकवाच्या दिवशीही सांगितलं असेल, पण तेव्हा अर्ध्या बाया प्रेमलताबाईला हसून राहिल्या होत्या.

मी वीट बाजूला केली, पदरानं धरून पट्टी ओढून काढली. हाका मारल्या, छातीच्या हाडावर बोटांच्या गाठी घासल्या. भाऊ हलले नाहीत. ओठ जांभळासारखे झाले होते. सरलाबाईला एकशे आठला अन् भाऊंचा पुतण्या भूपेंद्र याला फोन लावायला सांगून मी घरून फवारा आणला. माझे गुडघे दुखतात, त्या वेळी दुखले नाहीत. भाऊंना उताणं करून मान मागे केली, नळी नाकात घातली, बटण दाबलं अन् परत कुशीवर निजवलं.

सरलाबाई रडली नाही. फोन लावून झाल्यावर ती वीट दोन्ही हातांत धरून बसली होती. फडकं निघालं होतं. तिच्या तळहातांना फोड आहेत ते हेडसाहेबांनी पाहिले. ते त्यामुळे आहेत, दुसरं कारण नाही.

थोड्या वेळानं भाऊंनी मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. डोळे उघडून म्हणाले, "पुष्पाबाई, तुमी इथं काऊन? चहा झाला का?" मागोमाग पाठ दुखून राहिली म्हणून मोठ्यानं ओरडू लागले, कारण फवारा दुखण्याच्या औषधाचा असर मोडतो. ते ओरडून राहिले होते अन् सरलाबाई हसून राहिली होती. मीही हसले. तेवढ्यात भूपेंद्र गाडी घेऊन आला अन् त्यानं आम्हा दोघींना हसताना पाहिलं.

गाडी अँब्युलन्सच्या आधी आली म्हणून भाऊंना तिच्यातच घालून दवाखान्यात नेलं. माणूस जागा झाला तरी न्यावंच लागतं, फवाऱ्याचा असर उतरला की पहिलं औषध परत चढतं. भूपेंद्रनं तिथं सांगितलं की, काकूनं पाठीला काही लावलं अन् शेजारच्या म्हातारीनं नाकात काही घातलं. त्यावरून हे प्रकरण ठाण्यात आलं. पोरगा घाबरला होता, माझी त्याच्यावर तक्रार नाही. फक्त म्हातारी म्हटलेलं मनाला लागलं. लहानपणी त्याचं नाक मीच पुसत होते.

रिकामा फवारा पंचनाम्यात जमा आहे. तो ठेवून घ्यावा, सिस्टर मला नवा देणार आहेत. ठाण्यातही एक असावा असं मी हेडसाहेबांना म्हटलं. कसा मारतात ते पेनावर करून दाखवलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं, दुसऱ्यांदा बरोबर जमलं.

भाऊ वॉर्डात आहेत. शेक मीच मागितला होता, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आहे. सकाळी खिचडी खाल्ली अन् मीठ नाही म्हणून भांडले. सरलाबाईला मात्र काल सांजेपासून त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. ती ठाण्याच्या बाकावर बसून आहे. तिनं नवऱ्याला जहर दिलेलं नाही. शेक दिला.

हा जबाब हिंदीत लिहून मला मराठीतून वाचून दाखवला. त्यात सरलाबाईच्या नावापुढे 'संशयित' असं ऐकू आलं, म्हणून मी सही करायला नाही म्हटलं. हेडसाहेबांनी डॉक्टरांना फोन केला, ठाणेदारसाहेबांना विचारलं, मग तो शब्द खोडून बाजूला आपली सही केली अन् तिथं 'पत्नी, भेटीस हरकत नाही' असं लिहिलं. ते मी पुन्हा वाचवून घेतलं. माझ्या सांगण्याप्रमाणे सगळं बरोबर आहे. सरलाबाई पुढचं ऐकायला थांबली नाही, तिची चप्पल बाकाखालीच राहिली, ती मी दवाखान्यात घेऊन जात आहे.

सही : पुष्पा