हळद लाल झाली

(राणीसावरगाव. सटवाजीच्या घरामागचं परस. दिवस कलायला आलाय. रांजणाजवळच्या दगडावर त्याची लेक कोकिळा बसलीय, आई कमलबाई तिच्या ओठाला हळद लावतेय. आईचं रडणं ऐकून शेजारच्या घरातून आत्या, चतुराबाई, आलीय.)

चतुराबाई : हळद ठिव खाली, कमल. हात काढ आधी.

कमलबाई : अक्का, बघा ना, लावली अन् लाल झाली. रक्त निघायलंय का काय पोरीचं?

चतुराबाई : रक्त न्हाई ते. हळदीत चुना पडला की कुंकू होतंय, हे काय तुला ठावं न्हाई? तिच्या ओठावर चुना हाय अजून. काय लावलंस?

कमलबाई : चुनाच. अन् पिवळी हरताळ.

चतुराबाई : लव काढायला?

कमलबाई : उद्या सेलूचे पाव्हणे यायलेत बघायला.

चतुराबाई : तांब्या घे. कोकिळे, मान खाली घाल. ओठ चाटू नको बाई, हरताळ इखारी असती. तोंडात आलं तर थुंक. कमल, तू वतत राहा, धार तोडू नको. अन् घासू नको.

कमलबाई : लिंबू पिळू का? लिंबानं चुना मरतो म्हणतेत.

चतुराबाई : भाजल्यावर लिंबू? आधी स्वतःच्या तोंडाला पिळून बघ. पाणीच. रांजण सरला तर आडावरनं आणू. कुणी दिली तुला ही अवदसा?

कमलबाई : परभणीच्या बाजारात एक बाई देती. पोलीस ॲक्शनच्या आधी नवाबाच्या देवडीत बेगमांच्या चाकरीला होती. म्हणली, त्यांच्या अंगावर लव म्हणून राहत नव्हती.

चतुराबाई : अन् किती येळ ठिवायचं, ते?

कमलबाई : ती सांगायलीच होती. गाडीची येळ झाली, मी निघाले. मला वाटलं, नवरीची हळद वाळोस्तोर ठिवतेत, तसंच असंल.

चतुराबाई : मंग वाळू दिलंस.

कमलबाई : म्हशीची धार काढायला गेले.

चतुराबाई : आधी कोपराच्या आत बोटभर लावून तरी बघितलं होतंस?

कमलबाई : न्हाई.

चतुराबाई : कोकिळे, जळायलंय का?

कोकिळा : न्हाई, आत्याबाई.

चतुराबाई : कातडं सोललंय, अन् न्हाई म्हणायलीस.

कमलबाई : पोरी, मी गोठ्यातच होते की गं. एक हाक मारायची.

कोकिळा : तूच म्हणलीस, बोलू नको, लेप तडकंल. अन् मला वाटलं, जळायलंय म्हणजे काम करायलंय.

कमलबाई : अक्का, मीच शिकवलं हिला. पोरीच्या जातीनं तोंडातून आवाज काढू नये म्हणून.

चतुराबाई : रडायचं मागून रड. तांब्या रिकामा झालाय.

कमलबाई : तुमी नव्हता तवा. गंगाखेडचे पाव्हणे हिला बघायला आले, उठता उठता म्हणले, बापाची मिशी पोरीनं घेतली. हसले सगळे. ही दाराआड पोह्याच्या ताटल्या घेऊन उभी.

चतुराबाई : घेतली तर घेतली. त्याच मिशीला पीळ देत तिचा बाप चावडीवर बसतो, तवा कुणाला हसू येत न्हाई. आमच्या घरचीच हाय ती. माझ्याबी ओठावर होती.

कोकिळा : तुमच्या?

चतुराबाई : मंग. चुलीतली गार राख चिमटीत घ्यायची, अन् दार लावून एकेक केस उपटायचा. तुझ्या मामांना, माझ्या मालकांना, कैक वर्षं पत्ता नव्हता. कळलं तवा म्हणले, मला सांगायचं, लव दोऱ्यानं निघती, एक टोक मी धरलं असतं.

कोकिळा : मंग धरलं?

चतुराबाई : धरलं की. वाकडंतिकडं धरायचे, केसाऐवजी माझं कातडं ओढायचे. ते गेले तवापासून ठिवलीय तशीच. आता कोण बघायलंय.

कोकिळा : आत्याबाई, मी बसते उद्या. पदर दातात धरून बसते. चुलीचा निखारा उडाला म्हणून सांगा त्यांना.

चतुराबाई : पदर घासला की राहिलेलं कातडं जाईल.

कोकिळा : सोशीन.

कमलबाई : सोशीन म्हणू नको. अक्का, तुमच्या भावाला तुमीच सांगा. सकाळी ठेसनावर बैलगाडी जायचीच हाय. जाताना हिला गंगाखेडच्या दवाखान्यात उतरवा. पाव्हण्यांना ठेसनावरच चहा पाजा अन् माघारी लावा.

चतुराबाई : चिडंल तो.

कमलबाई : चिडू द्या. माझ्यावर चिडू द्या.

कोकिळा : आई, डाग राहिला तर पुन्हा कोण येईल?

कमलबाई : मला ठावं न्हाई बाई. अक्का, बघा ना, गेली का लाली? किती पाणी वतलं, अजून लालच दिसतंय.

चतुराबाई : हळदीची लाली गेली. आता लाल हाय ते कातडं हाय. वतत राहा.

कमलबाई : कोकिळे, वर बघ. माझ्याकडं बघ. आता लेप न्हाई. तडकायला काही उरलं न्हाई. खरं सांग मला.

कोकिळा : जळायलंय, आई.