भावी

इंदापूरच्या बसस्थानकासमोर तौसिफच्या मोबाइल दुकानात परवीन फोनची काच बदलायला आली होती. पण तिच्या आधी कळसचे मानसिंगराव बसले होते, आणि ते उठायचं नाव घेईनात.

“तौसिफ, जुना फोन चालू करताना माझं नाव फिरत यायचं बघ. ‘भावी सरपंच मानसिंगराव’. तेच ह्या नव्यात घाल.”

“तात्या, हा फोन उंच अन् अरुंद हाय. एवढं नाव बसत न्हाय.”

“मग बारीक कर.”

“बारीक केलं की वर-खाली काळी पट्टी येती.”

“काळी पट्टी? मी काय मेलोय व्हय रं?”

“मग एक शब्द कापावा लागंल. मानसिंगराव काढू का सरपंच?”

“हात तर लावून बघ!”

“मग ऱ्हायलं भावी. तीन निवडणुका झाल्या, ते काय हाललं न्हाय. काढू?”

“काढल्यावर कसं दिसंल?”

“सरपंच मानसिंगराव.”

“मग काढ की! इचारत काय बसलायस?”

तौसिफनं काढलं आणि फोन चालू करून त्यांच्या हातात दिला.

“आलं! सरपंच मानसिंगराव... परत आलं... आरं, हे नुसतं फिरतंयच. फोन कुठाय?”

“अडकला वाटतं. द्या, नीट करतो.”

“अन् नीट झाल्यावर?”

“नाव जाईल, फोन चालू हुईल. तवर तुमीच सरपंच.”

मानसिंगरावांनी फोन छातीशी धरला.

“ताई, तुमची काच बसवून घ्या आधी. मला काय घाई न्हाय.”