बॅकग्राउंड घेताना

(वाळूजमधल्या एका औषध कारखान्याची प्रयोगशाळा. नव्या इन्फ्रारेड यंत्रासमोर सदफ आणि तिची सीनियर सुकेशनी.)

सदफ : हा बघा ना, ताई. पावडरीचे सगळे पीक आलेखात खाली उतरलेत, आणि हा एकटाच तेवीसशे पन्नासला वर डोकं काढून उभाय!

सुकेशनी : मला काय इचारती? पुण्याला ट्रेनिंग तू घेऊन आलीस.

सदफ : अहो, साहेब जेवून आले की आलेख मागणार. साफ आला तर मशीन माझ्या ताब्यात. नाहीतर...

सुकेशनी : नायतर माझ्या. म्हाईत हाय मला.

सदफ : सॅम्पल खराब असेल?

सुकेशनी : असंल.

सदफ : नाही. सतराशेजवळचा पावडरीतल्या कार्बोनिलचा पीक बराबर आहे. पावडरीची ओळख पटवणारा फिंगरप्रिंटचा भाग पण जुन्या आलेखाशी हुबेहूब जुळतोय. तेवीसशे पन्नास म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तुम्हीच शिकवलं होतं ना? खाली आला तर सॅम्पलच्या वेळची हवा, वर आला तर बॅकग्राउंडच्या वेळची.

सुकेशनी : लई ध्यानात ठेवलंस गं.

सदफ : म्हणजे सकाळी मी रिकाम्या मशीनचं, नंतर आलेखातून वजा होणारं बॅकग्राउंड घेत होते, तेव्हा कुणीतरी अगदी जवळ श्वास सोडला. मी तर मास्क लावून इथं कॉम्प्युटरपाशी होते. ताई, मशीनजवळ तुम्ही उभ्या होत्या.

सुकेशनी : व्हय. होते.

सदफ : चुकून झालं ना?

सुकेशनी : नाय. फुंकर मारली. मुद्दाम.

सदफ : या अल्ला! का?

सुकेशनी : का म्हंती! जुन्या मशीनसाठी नऊ वर्सं पावडरीत पोटॅशियम ब्रोमाइड घोटलं मी. पावसाळ्यात दिव्याखाली वाळवून, दाबून अशी टिकली काढायचे की काचेगत आरपार दिसावं. अख्ख्या लॅबमंदी कुणाला जमलं नाय. आन् ह्या मशीनला टिकलीच लागत नाय! हिऱ्याच्या खड्यावर चिमूटभर ठेवली की झालं. आता साहेब येता-जाता म्हणत्यात, ‘सदफला विचारा.’ जीव जळतो माझा. तू ह्याला हात लावलास की लईच.

सदफ : मग चार शिव्या द्यायच्या होत्या मला! अम्मी ईदला तुमचा शीरखुर्मा वेगळा काढून ठेवते, आणि तुम्ही असं करता?

सुकेशनी : तेच तर! तुझ्याशी धड भांडता बी येईना.

सदफ : साहेबांना सांगितलं तर?

सुकेशनी : सांग. मी नाय म्हणणार नाय.

सदफ : बसा गप. बॅकग्राउंड परत घेते मी.

सुकेशनी : आधी खडा स्पिरिटनं पूस. आन् वाळू दे, नायतर स्पिरिटचेच पीक येतील.

सदफ : पुसला. वाळला. आता तुम्ही बाहेर जा.

सुकेशनी : दारात उभी राहते की.

सदफ : बाहेर म्हणजे बाहेर, ताई.

सुकेशनी : बरं बाई, चालले.

सदफ : झालं! पावडरीचा आलेखही काढला. या आत. तेवीसशे पन्नासला सरळ रेघ, बघा.

सुकेशनी : चांगला आलाय.

सदफ : ऑपरेटरचं नाव टाकायचंय. तुमचंही टाकू?

सुकेशनी : नको. तुझ्या एकटीचं टाक. आन् लवकर टाक, माझं मन फिरायच्या आत.