जवारीतली सीडी

हसू नका बे, मले अजून धस्स होते. आमचा जुना सीडीप्लेअर अटकून राह्यलता, म्हणून महिनाभर डोकं लावून मी पेनड्राइव्हवाला स्पीकर निवडला. ताईच्या लग्नात आईनं म्हटलेली गाणी एका सीडीत होती, ती मले पेनड्राइव्हात उतरवायची होती.

स्पीकर घरी आणला अन् बाबाले सीड्या मागितल्या.

"जवारीत बांधल्या," बाबा म्हणे. "तूच तं म्हणत होता, आता सीडी लागत नाही. चमकली का पाखरं उडते."

मी पळतच वावरात गेलो. आईची गाणी सुतळीवर गरगर फिरून राह्यलती, सारी खरचटलेली.

रडकुंडीले येऊन आईले सांगितलं. आई शांतपणे म्हणे, "मी गाणं म्हणाले लागली का तुहे बाबा उठून जात. आता पाखरंही जाऊन राह्यले."